दाजींचा डावा बूट

ताईस वैतागलेल्या भावाचा नमस्कार.

दाजी तोंडाने तरी ठणठणीत आहेत, काळजी करू नकोस. शर्यतीचा आज तिसरा दिवस. त्यांची टीम कधी पायी, कधी सायकलवर डोंगर तुडवते आणि मी गाडीने पुढच्या तळावर जाऊन पाणी उकळतो, सायकली पुसतो, बोलणी खातो. मोजे ओले का, जेवण गार का. बरं म्हणायला मात्र यांची जीभ झिजते.

सकाळी लंगडत आले. घोटा टम्म सुजलाय. "तुझ्या ताईला कळवलंस तर याद राख," म्हणाले. म्हणून कळवतोय.

तुझे दिवस भरत आलेत. झोप लागते का? आई आली का सोबतीला?

टीम निघायला उभी आहे आणि दाजी डावा बूट शोधताहेत, मला चोर म्हणताहेत. म्हणू देत. मी त्या बुटावर बसूनच हे लिहितोय, आणि उठणार नाही.

तुझा धाकटा