धुराड्याचा डाग

आप्पा, धुराडं बसलं. आज दुपारी, आवडी गावातल्या आपल्या घरात, खिडकीखालच्या तुमच्याच टेबलावर. अकरा वर्षं ते इंजिन बोडकं होतं, आता जरा इंजिनासारखं दिसतंय. एवढंच कळवायचं असतं तर फोटोपुढे उभं राहून सांगितलं असतं. पण या धुराड्यापायी मी तुमच्याशी एक खोटं बोलले होते, आणि ते तोंडानं सांगायला गेले की आई स्वयंपाकघरातून विचारते, "कुणाशी बोलतीस गं?" म्हणून कागद घेतला.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा मी वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलचं ते किट विलायतेहून मागवलं होतं. आत छोटं इंजिन असेल म्हणून तुम्ही हौसेनं खोकं उघडलंत आणि निघाले काय, तर पापडासारखे पातळ चार पितळी पत्रे. त्यांत रसायनानं कोरलेले शेकडो भाग, एकेका चिमुकल्या दुव्यानं पत्र्याला धरून राहिलेले. "हे इंजिन? अगं, हे तर कॅलेंडर आहे की," तुम्ही म्हणालात. मग चष्मा लावलात, पत्रा उलटा केलात आणि खिडकीच्या उजेडात धरलात. एकेका रिव्हेटची जागा मागून कोरलेली होती, कंपासच्या टोकानं दाबली की पुढे फुगणारी. "मिरजेच्या रेल्वे शेडमध्ये असल्याच इंजिनाखाली लोळून काम शिकलोय मी," म्हणालात, आणि त्या दिवशी जेवायला तीनदा हाक मारावी लागली. पुढे रोज सकाळी टेबलावर पेपर अंथरलेला. पितळ लख्ख करायला तुम्ही आईच्या बरणीतली चिंच पळवता, आणि आई ओरडते, "सांबाराला ठेवा थोडी. तुमचं इंजिन काही भातावर घेता येणार नाही."

पितळेचे भाग वितळत्या धातूनं जोडायचे ते सोल्डर, पण हा शब्द तुमच्या तोंडात कधी आला नाही. डाग. डाग दे, डाग धरला नाही, डाग पळाला. "डाग असा द्यावा की दिसू नये," तुम्ही म्हणायचात, "दिसला की तो नुसता डाग." मी तेव्हा श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात नुकतीच कायम झाले होते. दिवसभर भिंगाखाली सर्किटवरचे सोल्डरचे ठिपके बघायचे आणि पास की नापास ते ठरवायचं. अजूनही तेच करते. "मशीन डाग देतं आणि तू नुसती बघतीस," तुम्ही चिडवायचात, "लग्नाला जेवण्यापुरती आल्यासारखी." मला राग यायचा. कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले की तुम्ही खुर्ची सरकवून म्हणायचात, "ये, एक डाग देऊन बघ." मी म्हणायचे, "आप्पा, दिवसभर तेच बघून डोळे दुखतात. रविवारी." असे किती रविवार गेले, मला ठाऊक आहे.

इंजिनाचं सगळं काम पितळेचं, पण धुराडं तेवढं ओतीव, शिशासारख्या मऊ धातूचं. तुम्ही ते काड्यापेटीत जपून ठेवलं होतंत. "पितळ ताप सोसतं, हे नाही सोसणार. सगळ्यात शेवटी, कमी तापावर. मीच बसवीन," असं मला दोनदा बजावलं होतंत. त्या रविवारी तुम्ही जेवून आडवे झालात. फक्त धुराडं राहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही उठाल तेव्हा ते बसलेलं असेल, आणि मी नुसती बघत नाही हे तुम्हाला एकदा तरी दिसेल. सोल्डरची आयर्न पुरती तापवली. तुम्ही बजावलेलं आठवत होतं, पण दुसऱ्यांचे सांधे रोज नापास करणारी मी, मला वाटलं, एका सेकंदात उरकते. एका सेकंदात ते तव्यावरच्या लोण्यासारखं खाली बसलं. सावरायला गेले तर बोट भाजलं. तुम्ही उठून आलात, गोळा बघितलात, आणि मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही आयर्न चालूच ठेवून झोपलात वाटतं. अगदी शेजारी टेकलेली होती." तेव्हा तुमचा हात जरा थरथरायला लागला होता, हे मला माहीत होतं. म्हणूनच ते खोटं मला सुचलं. तुम्ही उजवा हात उलटा-सुलटा करून बघितलात. "असंल," म्हणालात. "हात गेला बघ माझा." आयर्न निवल्यावर तिची वायर नीट गुंडाळलीत आणि सगळं खोक्यात भरलंत.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही ते खोकं उघडलं नाहीत. मी अधूनमधून म्हणायचे, "नवीन धुराडं मागवू या." तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचात आणि म्हणायचात, "बघू की." मग तुम्ही गेलात. काका मिरजेहून आले आणि त्यांनी डाग दिला. चितेला अग्नी द्यायलाही आपल्याकडे डागच म्हणतात, हे मला मागे उभी असताना आठवलं, आणि तुम्ही खुर्ची सरकवताय असंच दिसत राहिलं. आता हा शब्द त्या अर्थानं घरात कुणी उच्चारत नाही. आई फक्त कपड्यांवरच्या डागांबद्दल बोलते. इथे फलाटावर एखादं तमिळ पोर आपल्या बापाला "अप्पा" म्हणून हाक मारतं, आणि मी अजूनही वळून बघते.

गेल्या महिन्यात रंगकामासाठी माळा रिकामा केला तेव्हा खोकं खाली आलं. तुमच्या इथल्या रेल्वे वर्कशॉपातल्या टर्नर अण्णांना दाखवलं. त्यांनी पितळेच्या कांबीतून नवं धुराडं कातून दिलं, आणि चहासुद्धा घेतला नाही. आज ते बसवताना माझं बोट पुन्हा भाजलं. आई मलम घेऊन आली आणि म्हणाली, "मागच्या खेपेलाही हेच बोट."

मी म्हटलं, "तेव्हा डोशाच्या तव्यावर भाजलं होतं."

"रविवारी दुपारी कुठला डोसा? तुझे आप्पाच मला म्हणाले होते, पोरीनं आयर्ननं बोट भाजून घेतलंय, मलम दे. आणि काही विचारू नको म्हणाले."

आप्पा, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. ज्यानं जन्मभर धातू तापवला, त्याला न कळायला काय झालं. तेव्हापासून मी त्या "बघू की"चाच विचार करतेय. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघायचात ते विचार करत नव्हतात, मी बोलेन म्हणून थांबला होतात. दोन वर्षं थांबलात. मी एक वाक्य बोलले असते तर तुम्ही हसून खुर्ची सरकवली असतीत, आणि आपण दोघांनी मिळून ते बसवलं असतं. हात खरंच गेला होता, की माझ्यासाठी तो घालवलात, हे आता कुणाला विचारू? मला तुमची फार आठवण येते. हे लिहायला इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

हा कागद घडी करून खोक्यात, इंजिनाखाली ठेवणार आहे. धुराड्याच्या बुडाशी डावीकडे सोल्डरचा एक थेंब राहिलाय, चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा. कामावर असता तर मी तो नग नापास केला असता. इथे मुद्दाम ठेवलाय, तुम्ही काहीतरी बोलावं म्हणून.

नाही, हे पुन्हा खोटंच झालं. मुद्दाम नाही ठेवला. तीनदा करून बघितला. मला याहून चांगला डाग देता येत नाही, आप्पा.