सुरक्षित असल्याचा मेसेज

सोमवार, ४ मार्च
घरून काम करणाऱ्यांसाठी कंपनीने नवी सेफ्टी व्यवस्था आणली. अधूनमधून स्क्रीनवर प्रश्न येतो : सुरक्षित आहात का? उत्तर गेलं नाही तर बॉस फोन करतो. फोन उचलला नाही तर घरी माणूस पाठवतो. टीमची सेफ्टी ऑफिसर मी. बॉस म्हणाला, तू एकटी राहतेस, तुला याची किंमत कळेल. एकटं राहणं ही निवड आहे. धोका नव्हे.

मंगळवार, ५ मार्च
आईला सांगितलं, रोज फोन नको, आता माझ्यावर लक्ष ठेवायला अख्खी यंत्रणा आहे. ती म्हणाली, यंत्रणेला कळतं का गं, तुझा घसा बसलाय ते? रोज संध्याकाळी मेसेज करायचं कबूल केलं.

शुक्रवार, ८ मार्च
अंघोळीला गेले आणि प्रश्न आला. बॉसला ओल्या केसांनी व्हिडिओवर जिवंत असल्याचं दाखवावं लागलं. टीममधले 'आजोबा' (एका बोटाने टाइप करतात) म्हणाले, सेफ्टी ऑफिसरच बेपत्ता, कुंपणानेच शेत खाल्लं. म्हण इथे लागू होत नाही. दुरुस्त केली नाही.

रविवार, १० मार्च
छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रश्न आला की तो परस्पर 'सुरक्षित' असं उत्तर देतो. आईचा मेसेजही तोच पाठवेल, वाक्यं आलटूनपालटून. ही फसवणूक नाही. मी सुरक्षित असतेच.

बुधवार, २० मार्च
आई खूश. बॉस खूश. संकल्प : घरात स्मोक अलार्म बसवणे. त्यासाठी शिडी आणणे. चाकांच्या खुर्चीवर कधीही चढू नये, अशी सूचना टीमला मीच पाठवली आहे.

शनिवार, ३० मार्च
हॉस्पिटल. नोंदीला उशीर.
शिडी आणायची राहिली. गुरुवारी सकाळी खुर्चीवर चढले. तोल माझा चांगला आहे, खुर्चीचा नव्हता. खुब्याचं हाड मोडलं. फोन टेबलावर, मी जमिनीवर. स्क्रीनवर प्रश्न येताना दिसत होता. उत्तर जातानाही दिसत होतं. प्रोग्रॅममध्ये एकही चूक निघाली नाही.
शुक्रवारी खालच्या मजल्यावरची बाई भांडायला आली. अर्धवट बसवलेला अलार्म रात्रभर टींटीं वाजत होता, तिचं बाळ झोपलं नव्हतं. दाराबाहेरून तिने मला शेजारधर्म शिकवला. मी आतून म्हटलं, दार तोडा. ती म्हणाली, अहो, एवढंही भांडण नाही आपलं.
मग तोडलं.

मंगळवार, २ एप्रिल
बॉसला पडल्याचा वार शुक्रवार सांगितला. त्याने कळवलं की मार्चमध्ये सर्वांत चोख प्रतिसाद माझा. कसं जमवतेस ते बाकीच्यांनाही शिकव, म्हणाला. बरं म्हटलं.
दुपारी आईचा फोन. हॉस्पिटलचं सांगायचं ठरवून उचलला. तीच आधी बोलली. म्हणाली, हल्ली वेळच्या वेळी कळवतेस, जिवाला घोर राहिला नाही. गुरुवारचा मेसेज तर तिने मावशीलाही वाचून दाखवला : 'मजेत आहे, आज जरा निवांत पडलेय.'
मावशीची तब्येत विचारून फोन ठेवला.
प्रोग्रॅम बंद करायला हवा. पण मग मेसेज का थांबले, हे सांगावं लागेल. चालू ठेवला.
संध्याकाळी मेसेज गेला. आईचं उत्तर आलं : जेवलीस का?
प्रोग्रॅम उत्तरं वाचत नाही. मी वाचलं.