आठवी ‘ब’च्या सत्याग्रहाबद्दल माफी न मागण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, पुणे.

अर्जदार : श्रीमती शैला रतन मेश्राम, सहशिक्षिका (इतिहास),
नवप्रबोधन विद्यालय, हिंजवडी रस्ता, पुणे.

दिनांक : २० ऑगस्ट २००४

विषय : कु. रुपाली, इयत्ता आठवी ‘ब’, हिचे नाव पटावरून कमी करण्याचा निर्णय रद्द करणेबाबत, तसेच मी माफी मागणार नसलेबाबत.

संदर्भ : मुख्याध्यापकांनी मला बजावलेली ‘कारणे दाखवा’ नोटीस, दि. १२ ऑगस्ट २००४.

महोदय,

१. ‘कारणे द्या’ हा प्रश्न आजवर मी मुलांना घालत आले. या वेळी तो माझ्या वाट्याला आला आहे. उत्तर मुद्देसूद लिहिते. मुद्द्यांत बसणार नाही तेवढा राग शेवटी उरेल, तोही उत्तराचाच भाग समजावा.

२. आमच्या शाळेला गेल्या वर्षी एका सॉफ्टवेअर कंपनीने संगणक दिले. बदल्यात संस्थेने शाळेचे मैदान कंपनीच्या बस उभ्या करण्यास दिले. सकाळी कर्मचाऱ्यांना सोडून रिकाम्या झालेल्या बस संध्याकाळपर्यंत मैदानात असतात. खो-खोचा एक खांब बस मागे घेताना मोडला. दुसरा एकटाच अडचण करतो म्हणून संस्थेनेच उपटला. आमच्या मुलींचा खो-खो संघ तालुक्यात पहिला आला होता. यंदा तो संघ मधल्या सुट्टीत संगणकावर पत्ते खेळतो. संगणक उत्तम आहेत, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

३. जुलै महिन्यात मी असहकार आणि सविनय कायदेभंग हे धडे घेतले. माझी पद्धत अशी की अर्धा वर्ग सरकार होतो, अर्धा सत्याग्रही, आणि मग बाजू बदलतात. सुरुवातीला कलेक्टर व्हायला कोणी तयार नसते. एकदा खुर्ची मिळाली की उठायला तयार नसते. हेही शिक्षणच. नियम फळ्यावर लिहिलेले असतात : शिवी नाही, धक्का नाही, पळायचे नाही आणि जे करायचे ते समोरच्याला आधी सांगून करायचे. नोटिशीत याला ‘अभ्यासक्रमाबाहेरील प्रात्यक्षिक’ म्हटले आहे. विज्ञानाच्या बाईंनी लिटमस कागद बुडवून दाखवला, तर त्यांना मात्र शाबासकी मिळते.

४. शनिवार, ७ ऑगस्ट रोजी रुपाली चार मैत्रिणींना घेऊन मुख्याध्यापक श्री. वैजनाथ दळवी यांच्याकडे गेली. तिने सांगितले की सोमवारी क्रांतिदिन आहे, तोवर मैदान मोकळे झाले नाही तर वर्ग फाटकात बसेल आणि एकही बस आत जाऊ देणार नाही. सरांना वाटले, पंधरा ऑगस्टच्या नाटुकल्याची तालीम चालली आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आवाज चढव म्हणाले, त्या दिवशी नऊवारी नेसून ये असे सुचवले आणि प्रत्येकीला एकेक पेपरमिंट दिले. मुलींनी याचा अर्थ सरकारला रीतसर सूचना पोचली असा घेतला. सर मनाने वाईट नाहीत. दर ऑगस्टला मुलांना टोप्या घालून मिरवायची सवय लागली, की खरी मागणी समोर येऊन उभी राहिली तरी माणूस टाळ्याच वाजवतो.

५. सोमवारी आठवी ‘ब’ फाटकात बसली. मी तेव्हा आठवी ‘अ’वर होते, खिडकीतून पाहिले आणि खाली गेले नाही, हे कबूल करते. बस रस्त्यावर रांगेत थांबल्या आणि वाहतूक तुंबली. नोटिशीत ‘वाहतूक कोंडी घडवून आणली’ असा आरोप आहे. महोदय, त्या रस्त्यावर कोंडी होण्यासाठी आजवर आठवीच्या वर्गाची गरज कधी पडलेली नाही. कंपनीकडे निघालेले लंडनचे पाहुणे त्यात अडकले, हा निव्वळ योगायोग. मुलांची तेवढी पोच नाही. असती तर मला अभिमानच वाटला असता.

पुढच्या बसचे चालक कोंडीराम यांना संस्थेने साक्षीला बोलावले. मुलांनी गाडीला हात लावला का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “हात कुठला लावत्यात? पाणी पायजे का, म्हनून इचारत हुती.” त्यानंतर त्यांना पुन्हा बोलावले नाही.

६. मग माफीनामे टाइप होऊन आले. माझ्यासाठीचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यातले हे एक वाक्य आपण कृपया सावकाश वाचावे : “वर्गात शिकवलेला सत्याग्रह हा केवळ परीक्षेकरिता असून प्रत्यक्ष वापरावयाचा नसतो, याची जाणीव मी विद्यार्थ्यांना वेळीच करून दिली नाही, याबद्दल मी दिलगीर आहे.” हेच शासनाचेही मत असेल, तर पुढच्या आवृत्तीत औषधाच्या बाटलीवर छापतात तसे धड्याखाली छापून घ्यावे, म्हणजे आम्हा शिक्षकांची फसगत होणार नाही.

७. बाकीच्या मुलांच्या पालकांनी सह्या केल्या. मी त्यांना दोष देत नाही. मुलांचे वर्ष बुडवायची ताकद सगळ्यांच्या अंगात नसते. रुपालीने सही केली नाही. परवा बुधवारी, दि. १८ रोजी, तिला आणि तिच्या आई यमुनाबाईंना कार्यालयात बोलावले, तेव्हा मी हजर होते. यमुनाबाई वाशीमकडच्या. त्या त्याच कंपनीत झाडलोट करतात आणि याची आठवण त्यांना तेथे दोनदा करून देण्यात आली. मला वाटले, आता आई मुलीला सही करायला सांगेल. सांगितले असते तरी मी मान खाली घालून ऐकले असते. यमुनाबाई एवढेच म्हणाल्या, “साहेब, तिनं चोरी केली काय? मंग माफी काहून?” पिशवी मांडीवर घट्ट धरून त्या बसून राहिल्या. पुढे कामाचे काय होईल, हे त्यांना ठाऊक नव्हते, अजून नाही.

रुपाली माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, फळ्यावरचा कुठला नियम आम्ही मोडला ते सांगा. मी लगेच सही करते.”

मी शोधला. मला सापडला नाही. आपणास सापडल्यास कळवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे नाव पटावरून कमी झाले आणि शाळा सोडल्याचा दाखला घरी पोचता झाला. जी शाळा तिने सोडलीच नाही, ती सोडल्याचा हा दाखला आहे.

८. तरी विनंती की रुपालीला तात्काळ वर्गात बसू द्यावे. माझ्याविषयी विनंती नाही. मी मुलांना चिथावले नाही, मी त्यांना शिकवले. आणि ती शिकली, याबद्दल कोणत्याही मसुद्यावर, कोणत्याही शाईने मी सही करणार नाही. त्यासाठी संस्थेने मला काढायचे असेल तर काढावे. मला संताप आला आहे आणि हे सरकारी कागदावर लिहिताना मुळीच संकोच वाटत नाही.

९. कालपासून रुपाली गणवेशात, दप्तर घेऊन फाटकाबाहेर उभी असते. आत राष्ट्रगीत सुरू झाले की बाहेर सावधान उभी राहते. सबब कळविते की सोमवार, दि. २३ पासून आठवी ‘ब’चा इतिहासाचा तास मी फाटकाबाहेर घेईन. धडा १९४२चा आहे. आपण तपासणीस अवश्य यावे. सह्या झालेली मुले बाहेर येतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. कोणी आले नाही, तरी तास होईल. हजेरीला रुपाली आहे.

माफीखेरीज सर्व बाबतींत आपली नम्र,

(सही)
शैला रतन मेश्राम

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) माफीनाम्याचा मसुदा, न वापरलेला.