लाल जर्सीचा मान

प्रिय ड्वेन,

आमंत्रण मिळालं. कॉलेजचा जाड कागद, सोनेरी अक्षरं आणि खाली तुझ्या हाताने लिहिलेली ओळ, "लायल, तू आल्याशिवाय कोल्बी जर्सी उतरवणार नाही म्हणतो." म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी, फुटबॉलच्या सरावाच्या पहिल्याच दिवशी, सगळ्या गावासमोर तुझा मुलगा अंगातली लाल जर्सी काढणार आणि माझ्या हातात देणार. मान माझा. हे पत्र त्याचं उत्तर आहे. फोनवर दोन मिनिटांत काम झालं असतं, पण फोनवर तू मला हसवतोस आणि मग मी कशालाही हो म्हणून बसतो. अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय.

अक्षर वेडंवाकडं आहे, समजून घे. उजवा हात थरथरतो आणि डावा खांदा वर जात नाही, म्हणून टेबलाला चिकटून, वाकून लिहावं लागतं. आज तिसरा दिवस. नेडीन म्हणाली, "तू सांग, मी लिहून देते." मी म्हटलं, "तुला सांगण्यासारखं असतं तर लग्नाआधीच सांगितलं असतं." ती फणकाऱ्याने उठली आणि ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत बसली. बावीस वर्षांच्या संसारात मी तिला असं तोडून फार वेळा बोललो नव्हतो.

मी अजून त्याच पशुखाद्य-बियाण्यांच्या दुकानात आहे, फक्त आता पोती उचलत नाही, गल्ल्यावर बसतो. तिथे सकाळी म्हातारी मंडळी उकडलेल्या शेंगांची पिशवी उघडतात आणि तुझ्या कोचगिरीचा उद्धार सुरू होतो. गेल्या आठवड्यात बर्ल म्हणाला, "क्वार्टरबॅकला पळवायचे दिवस संपले. सगळं जग चेंडू हवेतून फेकतंय आणि आपला ड्वेन अजून पोराला भिंतीवर आपटतोय. दोन वर्षांत गाशा गुंडाळावा लागेल." त्यावर दुसरा खवळला, "तीस वर्षं हेच ऐकतोय! मेब्री कोच मेला, पण त्याचा खेळ मेला का? गेल्या साली नऊ सामने कुणी जिंकले, तुझ्या आजीने?" मग सगळ्यांनी माझ्याकडे मान वळवली. "लायल, तू तर खेळलायस. सांग, टिकेल का हे?" मी म्हटलं, "टिकेल." म्हातारे खूश झाले, मला मूठभर शेंगा दिल्या. कोण टिकणार हे कुणी विचारलं नाही.

मेब्रींचा तो फळा आठवतो ना? खडू मोडेपर्यंत जोर लावून लिहायचे. "आपल्या या चिमूटभर कॉलेजात धिप्पाड पोरं येत नाहीत आणि लांब फेकणारा हातही येत नाही. मग करायचं काय? खेळ सुरू झाला की चेंडू पहिल्यांदा क्वार्टरबॅककडे येतो. त्याने तो दुसऱ्याला दिला की हा रिकामा, म्हणजे आपण दहाच उरलो. पण तोच चेंडू घेऊन पळाला, तर बाकीचे दहाच्या दहा वाट करायला मोकळे. समोरच्यांना एक माणूस कमी पडणार. कळलं का, गाढवांनो?" कळलं होतं. गणित तेव्हाही बरोबर होतं आणि आजही आहे, टीव्हीवरचे पंडित काहीही म्हणोत. फक्त त्या पळणाऱ्याला एका दुपारी तीस वेळा किती जण येऊन धडकतात, तो आकडा फळ्यावर कधी आला नाही.

आणि ती लाल जर्सी. ज्याच्या अंगात ती, त्याला सरावात कुणी हात लावायचा नाही, हा सगळीकडचा नियम. बाकीचे एकमेकांची हाडं मोडत असताना क्वार्टरबॅकने मात्र इस्त्रीच्या कपड्यांत फिरायचं. तू आघाडीच्या फळीतला सगळ्यात जाड माणूस आणि तुझं तोंड त्याहून मोठं. "आली बघा नवरी! शालू चुरगळू नका रे तिचा!" पहिल्या दिवशी हसलो. दुसऱ्या दिवशी तू पाण्याची बाटली घेऊन गुडघ्यावर बसलास, "घ्या नवरीबाई, ऊन फार आहे." तिसऱ्या दिवशी मी जर्सी काढली, तुझ्या पायाशी फेकली आणि म्हटलं, "मार." तू मारलंस. तोंडात रक्त घेऊन उठलो तेव्हा तू मला मिठी मारलीस आणि संध्याकाळी तुझ्या आईच्या हातचं तळलेलं कोंबडं खायला घरी नेलंस. एकोणिसाव्या वर्षी मला त्याहून मोठं काही मिळालं नव्हतं. खरं सांगतो, त्यानंतरही फारसं मिळालं नाही.

मेब्रींनी ते पाहिलं होतं. तो म्हातारा काही फुकट जाऊ द्यायचा नाही. दोन पोरांच्या माजाचा त्याने विधी केला, पुढे त्यात बँड आला, पाद्री आला, लिंबू सरबताचे ठेले आले. माझ्यानंतर पाच जणांनी ती जर्सी अशी वाजतगाजत उतरवली. डेमेट्रिअसचा गुडघा तिसऱ्याच सामन्यात गेला, तो निदान लवकर सुटला. रस्टीला मान फिरवायची तर सगळं अंग फिरवावं लागतं. केल्विन तेवढा धडधाकट, चारही वर्षं एक सामना चुकवला नाही त्याने, आणि आता बत्तिसाव्या वर्षी दुकानाबाहेर येऊन आपली गाडी शोधत उभा राहतो. त्याच्या आईने मला हे चर्चच्या पायऱ्यांवर सांगितलं, माझ्याकडे न बघता. उरलेल्या दोघांची चौकशी करायचं धाडस मला झालेलं नाही. घाणा टिकला, ड्वेन. बैल तेवढे बदलत गेले, आणि पहिला बैल स्वतःच्या पायाने चालत आला होता.

मेब्रींच्या जागी तू आलास तेव्हा मला बरं वाटलं होतं. माझ्याच ओसरीवर बसून म्हणाला होतास, "दोन वर्षं दे मला, फेकणारा खेळ आणतो. आता एकाही पोराचा लायल होऊ देणार नाही." वाक्य तुझं आहे, विसरला असशील. मग पहिल्याच मोसमात आठ सामने जिंकलास आणि पुढच्या वेळी ओसरीवर आलास तेव्हा म्हणालास, "आता बदललं तर गाव माझी मान मुरगळेल." मी हसलो. तुझ्या मानेची काळजी वाटली मला, बघ किती मूर्ख माणूस.

आता ते लिहितो, जे आपण दोघांनी कधी उच्चारलं नाही. शेवटच्या वर्षीचा नोव्हेंबरचा सामना, नदीपलीकडच्या कॉलेजशी. उत्तरार्धात मला दोघांनी एकदम धरलं आणि उठलो तेव्हा मी कुठे आहे तेच मला कळेना. तुम्ही दहा जण घोळका करून माझ्या तोंडाकडे बघत होता, पुढची चाल मी सांगायची होती, आणि माझ्याजवळ एक शब्द नव्हता. तू शिरस्त्राण माझ्या शिरस्त्राणाला टेकवलंस आणि चाल तूच सांगितलीस. मग माझे खांदे धरून मला वळवलंस, "तिकडे, लायल. तिकडे पळ." एकदा नाही, सामना संपेपर्यंत. बाहेरून मेब्री ओरडले, "तो बरा आहे ना?" तू ओरडलास, "ठणठणीत!" आपण जिंकलो म्हणे. दुकानात फोटो लावलाय, त्यात मी तुझ्या खांद्यावर बसून हसतोय. मला त्यातलं काही आठवत नाही. नंतर तू कानात म्हणालास, "बोलू नकोस कुठे, पुढच्या शनिवारी बाकावर बसवतील." मी बोललो नाही आणि पुढच्या शनिवारी सव्वीस वेळा पळलो. ती दोस्तीच होती, ड्वेन. तू माझं वाईट चिंतलं नव्हतंस. माझी तक्रार नाही असं लिहिणार होतो, पण आहे. रोज सकाळी शर्टाची बटणं नेडीन लावते तेव्हा आहे.

तरीही एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. जे इतकी वर्षं गिळलं ते आणखी वीस वर्षं गिळलं असतं. पण गेल्या गुरुवारी कोल्बी दुकानात आला. कुत्र्याचं खाणं घ्यायला म्हणून आला आणि म्हातारे उठून जाईपर्यंत पाकिटं चाळत उभा राहिला. मग म्हणाला, "लायलकाका, तुमचा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होतात?" मी म्हटलं, "का रे?" त्याने उजवा हात गल्ल्याच्या फळीवर ठेवला. मी माझा शेजारी ठेवला. दोन्ही सारखेच हलत होते. गेल्या मोसमाच्या शेवटच्या सामन्यात तू त्याला बदली म्हणून उतरवलंस ना, तेव्हापासून. त्यानंतर दोन दिवस त्याला उजेड सहन होत नव्हता, त्याच्या आईला वाटलं ताप आहे. त्या दिवशी त्याला चाली कोण सांगत होतं, माहीत आहे? त्याच्या शेजारचा जाडा दोस्त. आमंत्रणावरची ती ओळ तुला गंमत वाटली असेल, मलाही गुरुवारपर्यंत तशीच वाटली होती. पोर मला बोलावत होतं. जाताना म्हणाला, "बाबांना सांगू नका, काका, शपथ आहे तुम्हाला. त्यांना तो दिवस बघायचाय." मी शब्द दिला. तो आता मोडला. बोलू नकोस असं सांगणाऱ्याचं मी एकदा ऐकलंय, पुन्हा ऐकणार नाही. शनिवारच्या आत त्याला डॉक्टरकडे ने. नाही नेलंस तरी मी मैदानावर येणार आहे. तो जर्सी काढून माझ्या हातात देईल, बँड वाजेल, आणि मी ती सगळ्या गावासमोर परत त्याच्या अंगात घालीन. मला वेळ लागेल. डावा खांदा वर जात नाही, तेव्हा एक बाही तुला धरावी लागेल.

अजूनही तुझाच,
लायल