घाटावर मी प्यायलो नव्हतो, मामा

तीर्थरूप नानासाहेब मामा यांच्या पायांवर निघोज्याहून भाचा सयाजीचं डोकं. (लाथ मारू नये, आधी पत्र वाचावं.)

इकडे सगळं बरं आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तिकडचं कळवा. मामींचे गुडघे कसे आहेत? आणि लक्ष्याच्या खुराची जखम भरली का? (आपल्यात आधी बैलाची चौकशी करायची आणि मग माणसाची, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून पत्र मामीच वाचून दाखवणार, म्हणून क्रम फिरवला.) बाकी मामा, यात्रा होऊन दोन महिने झाले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. बैलगाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढलंत, तेही मी समजून घेतलं; पण काढल्यावर खाली ज्यांनी अंगठे दाखवले त्यात माझा सख्खा चुलतभाऊ होता, हे दुसऱ्याच्या फोनवर दिसलं, ते मनाला लागलं. असो. फोन उचलला असतात तरी फार उपयोग नव्हता. एवढं सगळं सलग बोलायला आता माझा दम पुरत नाही. कागदावर पुरतो, म्हणून पत्र.

मुद्दा एकच आहे. यात्रेच्या दिवशी बैलगाडा शर्यतीच्या घाटावर मी प्यायलो नव्हतो. देवाशपथ, एक थेंबही नाही. तुम्ही सगळ्या गावासमोर ओरडलात, ‘पिऊन आलाय त्यो, खाली वढा त्याला!’ आणि लोकांनी मला मंडपातून खाली ओढलं, तेव्हाही मी हेच सांगत होतो. पण तोंडातून शब्द फुटत नव्हता आणि पाय लटपटत होते, म्हणजे पुराव्याला काही कमी नव्हतं. (त्या दिवशी दुपारी मंडपामागे ‘औषध’ कोण घेत होतं, ते मी लिहीत नाही. पत्र मामी वाचतायत.)

आता पहिल्यापासून सांगतो. मामा, माझा आवाजच माझ्या मुळावर आला. तो आवाज तुम्हीच ओळखलात, माईक पहिल्यांदा हातात तुम्हीच दिलात, आणि गाडामालकाचं नाव, गाव, बैलांची नावं, घोडीचं नाव सगळं एका दमात म्हणून शेवटी ‘भिर्रर्र’ केलं की अंगावर काटा येतो, असं पंचक्रोशी म्हणायची. गोडाऊनचे ठेकेदार सुरेंद्रशेठ यांनी मला असंच घाटावर ऐकलं. आपली जमीन कंपनीत गेलेली, हाताला काम नव्हतं. शेठनी मुलाखत म्हणून एकदा ओरडायला लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं. काम काय, तर यार्डात माल घ्यायला आलेले ट्रक मागे घ्यायचे. ड्रायव्हर काचा वर करून गाणी लावून बसतो, त्याला मागचं काही दिसत नाही. तेव्हा मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे, डावी मार, येऊ दे, बाऽऽस’ असं ओरडायला एक माणूस लागतो. इंजिनाच्या आवाजात ऐकूच गेलं नाही तर ट्रकच्या अंगावर थाप मारायची: एक थाप म्हणजे ये, लागोपाठ दोन म्हणजे थांब. या नोकरीचे तुम्ही गावभर पेढे वाटले होतेत.

पण ट्रक मागे घ्यायचा म्हणजे माणसाने नेमकं कुठे उभं राहायचं, याचा विचार तेव्हा ना तुम्ही केलात ना मी. पुढे रस्त्यावर चाकणच्या चौकापासून तुंबलेली गाड्यांची रांग, यार्डात इंजिन चालू ठेवून ताटकळणारे ट्रेलर, अंगावर येणारा ट्रक, आणि माझ्या पाठीला गोडाऊनची भिंत. धुराला जायला वाटच नाही, माझ्या नाकातोंडाखेरीज. त्यातून ओरडायचं तर आधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो. ज्याला हळू बोलायची सवय आहे तो या कामात वाचला असता, पण त्याला शेठनी ठेवलं नसतं. रोज घरी गेल्यावर नाक शिंकरलं की रुमाल काळा. तुमची सून विजयश्री आता माझे रुमाल वेगळे धुते. मी म्हणायचो, कामाचा रंग आहे, जाईल.

गोडाऊनच्या माझ्या शेजारच्या दाराला ट्रक घेणारा धम्मरत्न नावाचा नांदेडकडचा माणूस होता. तो म्हणायचा, ‘भाऊ, छाती भरून यायलीय.’ मी त्याला म्हणायचो, गूळ खा, गुळाने आतली घाण सुटते. (हे मला कोणी सांगितलं ते आठवत नाही, पण यार्डातला प्रत्येक जण दुसऱ्याला हेच सांगतो.) आम्ही दोघांनी गूळ खाऊन खाऊन ढेपा संपवल्या. पुढे कंपनीत तपासणी आली, आणि त्या भल्या माणसाने डॉक्टरला खरं ते सांगितलं की दम लागतो. शेठ फार गोड बोलले. म्हणाले, आराम कर, बरं वाटलं की बोलावून घेतो. अजून बोलावलेलं नाही. त्याचं दारही आता मीच बघतो.

मलाही त्याच सुमारास जिना चढवेनासा झाला होता. पण माणूस स्वतःला फार हुशारीने फसवतो, मामा. मी जिन्यात मध्येच थांबून फोन कानाला लावायचो आणि ‘हां बोला’ म्हणायचो. डोंगरावरच्या देवळात निघालो की मधल्या टप्प्यावर उभा राहून देखावा बघायचो; लोक म्हणायला लागले, सयाजी फार हळवा झालाय, किती वेळ झाडं बघतो. घरात विजयश्रीला काय ते कळलं होतं. ती दोनदा म्हणाली की यंदा यात्रेला माईक दुसऱ्याला द्या. मी म्हणालो, मामांची बारी आणि आवाज दुसऱ्याचा? तिचं ऐकायला हवं होतं.

शर्यतींवरच्या बंदीच्या सगळ्या वर्षांत तुम्ही बैल विकले नाहीत, पोटच्या पोरांसारखे सांभाळलेत. यंदाची जोडी घाटात पहिली येणार हे सगळ्यांना माहीत होतं. तुमची बारी लागली, मी माईक घेतला, छाती भरून श्वास घेतला, आणि ‘नानासा’ एवढ्यावर श्वास संपला. संपला म्हणजे संपला, आत ओढायलाही येईना. डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली बैल सुटलेले, मला ओरडायचं होतं, कोणीतरी थांबवा, मी पडतोय. आणि हाताने त्याच्या सवयीने काम केलं. माईकवर लागोपाठ दोन थापा मारल्या. मामा, यार्डात त्या थापांनी ट्रक थांबतो. घाटावर त्या सगळ्या कर्ण्यांतून तोफेसारख्या निघाल्या. तुमच्या गाड्यापुढची घोडी बिचकली, घाट सोडून सरळ भेळभत्त्याच्या दुकानात गेली, आणि बैल गुणी असल्यामुळे तिच्या मागोमाग गेले. (घोडीवरचा गडी पडला की उतरला, यावर अजून गावात दोन मतं आहेत.) कोणाला फार लागलं नाही, ही देवाची कृपा. पण पहिला नंबर गेला, आणि तुमचा फेटा खाली पडला तो तुम्ही उचललाही नाहीत, तेवढंच मला मंडपातून दिसलं. ते दिसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी विजयश्रीने मला तिच्या बहिणीकडे पिंपळे गुरवला नेलं. तिथे आम्रपालीबाई म्हणून डॉक्टर आहेत. त्यांनी एका नळीत फुंकायला लावलं. मी म्हटलं, फुंकण्यात आपला हात कोण धरणार, आणि घाटावरचं सगळं पुण्य एकवटून फुंकलं. मशीनला ते पटलं नाही. बाईंनी विचारलं, रोज विड्या किती? मी म्हणालो, एकही नाही. त्यांनी विजयश्रीकडे पाहिलं. ती म्हणाली, खरंच नाही. मग विचारलं, काम काय करता? मी उभा राहून करूनच दाखवलं, ‘येऊ दे, येऊ दे’. तर खिडकीबाहेर एक गृहस्थ मोटार लावत होते, ते खरोखर मागे आले आणि दवाखान्याच्या पाटीला टेकले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, वर्षानुवर्षं विड्या ओढणाऱ्याची छाती अशी असते, आणि जे गेलं ते परत येणार नाही. धुरातून बाहेर पडलात तर उरलेलं टिकेल. वर गुळामुळे साखर वाढलेली निघाली ती निघालीच.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, मामा. निदान विड्या ओढल्या असत्या तर चार मित्रांत बसून मजा तरी केली असती. नुसतंच लोकांचे ट्रक मागे घेता घेता हे झालं. माईक आता मी कधी हातात घेणार नाही, तो दुसऱ्या कोणाला द्या. तुमच्या बारीचं नुकसान मला भरून देता येणार नाही. पण तुमचा भाचा यात्रेत दारू पिऊन माईकवर चढला, असं तुम्ही मनात ठेवून बसू नका. ते मला सहन होत नाही.

मामींना नमस्कार, बैलांच्या पाठीवरून माझा हात. राग उतरला तर एवढं कळवा की उतरला; नाही उतरला तर शिव्या द्यायला तरी फोन करा. मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही.

तुमचाच,
सयाजी

ता. क. भेळभत्तेवाल्याला माझी आठवण सांगू नये.

ता. क. दुसरा. मामा, वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण ते तुम्ही आणि मामी सोडून कोणाला कळू देऊ नका. गावात मी प्यायलो होतो असंच म्हणत राहा. सुरेंद्रशेठ त्या दिवशी घाटावर होते. मी कामावर गेलो तेव्हा पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘काय राव सयाजी, जरा जास्तच झाली वाटतं!’ आणि हसले. पिणारा माणूस त्यांना चालतो. दम लागणारा चालत नाही, ते धम्मरत्नाच्या वेळी बघितलंच. डॉक्टरीणबाईंना मी काम सोडतो म्हणून सांगून आलोय, पण सोडून जाऊ कुठे? त्यांनी तोंडात फवारा मारायचा पंप दिलाय, तो मी संडासात जाऊन मारतो. खिशात काहीतरी लपवून हा आत जातो, हे यार्डातल्या सगळ्यांच्या ध्यानात आलंय. त्यांचा जो समज झालाय तो मी होऊ दिलाय.

ता. क. शेवटचा. आईलाही मी प्यायलो होतो असंच सांगितलं. ती खूप रडली, माझ्याशी बोलेना. मग शेजारणीला म्हणाली, ‘सुटंल पोराची सवय.’ आणि त्या रात्री झोपली. दुसरं सांगितलं असतं तर तिला काय म्हणता आलं असतं? पण सुभद्राबाई तुमचीच बहीण आहे, तिचा विश्वास तुमच्यावर. येत्या आठवड्यात ती तुम्हाला विचारायला येणार आहे. तेव्हा तिच्यादेखत मला बेवडा म्हणा, चार सणसणीत शिव्या घाला. तुमचा आवाज जरासुद्धा हलला नाही पाहिजे, मामा.