खडकासमोरची वंशावळ

आईच्या पायाशी, कॉल्बनकडून.

मी खुशाल आहे. गढीवर ओटची लापशी पोटभर मिळते. तुझा गुडघा कसा आहे?

उद्या सकाळी मोर्गंड सरदारकीच्या खडकावर उभा राहून सरदार होईल आणि बाबांच्या जागी भाट म्हणून मी त्याच्या घराण्याची वंशावळ म्हणेन. आज कारभाऱ्याने बजावलं, "मोर्गंडचा थोरला भाऊ गिलक्रिस्ट निःसंतान वारला, असंच म्हणायचं."

"आणि त्याची मुलगी?" मी विचारलं.

तो हसला. "तू नाव गाळलंस, की ती जगली काय अन् मेली काय, कोण विचारतंय?"

मी मान डोलावली. चिडू नकोस. मुरिएलला तू अंगावर पाजलंस, तिचं नाव मी घेणारच. खडकासमोर, सगळ्यांच्या देखत घेतलेलं नाव कुणाला पुसता येत नाही.

तू मात्र पत्र मिळताच तिला घेऊन होडीने मठाच्या बेटावर जा. तिची लोकरीची शाल विसरू नकोस.

माझी काळजी नको. भाटाला मध्येच थांबवणं अशुभ, त्यामुळे मूळपुरुषापर्यंत पोचेतो मला कोणी हात लावणार नाही. बाबा घाईघाईने म्हणायचे. मी सावकाश म्हणेन.

तुझाच,
कॉल्बन