ऑल्टर, रिपेअर आणि बाबांची पँट

४ फेब्रुवारी
पाटी रंगवणारा सकाळीच दारात. म्हणे, "दुकानाच्या नावाखाली एकच शब्द मावेल. रिपेअर लिहू की ऑल्टर?" बाबांनी मशीनवरून मानही वर केली नाही. "काहीही लिही. सुई एकच आहे!"

एकच कसं? मी तावातावाने समजावलं — कापड फाटलं, चेन तुटली, की रिपेअर. कापड ठणठणीत, पण माणूस सुटला नाहीतर वाळला, की ऑल्टर. पाटीवाला पोटावर हात फिरवत म्हणाला, "म्हणजे मी ऑल्टर आणि माझी स्कूटर रिपेअर." निदान त्याला तरी कळलं!

५ फेब्रुवारी
पाटी अजून कोरीच. मी मात्र दोन खोके मांडले, चिठ्ठ्या डकवल्या. बाबांनी दिवसभर मुद्दाम उलटसुलट कपडे टाकले. वय सत्तर, खोड्या सात वर्षांच्या.

९ फेब्रुवारी
एका बाईंचा ड्रेस कंबरेत आत घेतला. जादा कापड कापायला कात्री उचलली, तर बाबांनी हातावर फटका मारला! "कापायचं नाही. दुमडून आत ठेव. माणूस परत भरतो." चाळीस वर्षं हेच. त्यांनी आत घेतलेला कुठलाही कपडा उसवा, कापड आत सापडणारच.

स्वतः मात्र वाळत चाललेत. महिनाभर डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागलेय. "उन्हाळ्यात भूक मंदावतेच." उन्हाळा? स्वेटर घालून बसलेत!

१३ फेब्रुवारी
पुन्हा डॉक्टरांचा विषय, पुन्हा भांडण. मी अबोला धरला. जेमतेम चहापर्यंत टिकला.

१६ फेब्रुवारी
ऑल्टरच्या खोक्यात तळाशी बाबांची करडी पँट. बरोबर खोक्यात — पहिल्यांदाच! कंबर त्यांनी गुपचूप स्वतःच आत घेतलेली. टाके ओळखू आले. किती घेतली बघावं म्हणून उलटली.

आत कापड नव्हतं. कापून टाकलं होतं.

मला फार भीती वाटली. मशीनखालच्या चिंध्या उपसल्या. दोन करड्या पट्ट्या मिळाल्या.

१७ फेब्रुवारी
टाके उसवून पट्ट्या परत जोडल्या, कंबर पूर्वीएवढी केली. पँट रिपेअरच्या खोक्यात ठेवली. बाबा बघत होते. दुपारी तीच पँट घालून आले, सैल कंबर बेल्टने आवळून.

"चल. कुठे बसतो तुझा डॉक्टर?"